चित्रकलेचा तास कोणाचा?

परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकातील एका तासावर हमखास संक्रांत येते. तो तास चित्रकलेचा होय. कधी गणिताचे गुरुजी तो मागून घेतात, कधी इंग्रजीच्या बाई. आणि पालकांस त्याचा खेद न होता उलट समाधानच वाटते. शिक्षकी पेशात असताना आम्हीही असा तास मागून घेतला आहे, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावरील कुरुळी-चाकणच्या परिसरात तरी ही वृत्ती विशेष विसंगत म्हणावी लागेल. येथील कारखान्यांत मोटारीचा जो भाग तयार होतो, तो आधी रेखाटला जातो. समोरून, वरून व बाजूने काढलेल्या आकृत्यांवरून वस्तूचे घनरूप डोळ्यांपुढे उभे करणे कुशल कामगारास आलेच पाहिजे. ही दृष्टी बालपणीच्या रेषेतूनच घडते.

तथापि केवळ रोजगाराच्या तराजूत कला तोलणे आम्हांस मान्य नाही. पान रेखाटू लागलेल्या मुलास शिरा कोठून फुटतात हे पाहावेच लागते. तेथेच विज्ञानाचा पाठ सुरू होतो. ठिपक्यांच्या रांगोळीत भूमिती आहे. चाकणच्या संग्रामदुर्गाचा तट व खंदक ज्याने स्वतः रेखाटला, त्यास १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाची फौज सुमारे दोन महिने कशी थोपविली, हे घोकावे लागत नाही.

हा विचार नवा नव्हे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला व चित्रकला-संगीतासही अभ्यासक्रमात स्थान दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सर्व विषयांत कला गुंफण्याचा पुरस्कार केला आहे. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी अंशकालीन कलाशिक्षक दिला, तो पट शंभरांहून अधिक असलेल्या शाळांसच. लहान गावच्या मुलांनी मग काय करावे?

'सर्व विषयांत कला' याचा अर्थ 'कलाशिक्षक नको' असा लावला जाण्याचा धोका आम्हांस दिसतो. गणिताच्या शिक्षकाने रांगोळी अवश्य वापरावी; पण रेषा शिकविणारा जाणकार शाळेत नसेल, तर ती फळ्यावरची सजावटच ठरेल. पाच-सहा लहान शाळांस मिळून एक कलाशिक्षक देणे सरकारास अशक्य नाही. तोवर शिक्षकांनी चित्रकलेचा तास मागू नये. आणि तो बुडाला, तर पालकांनी जाब विचारावा.