दर बदलले, टेक्स्टबॉक्स अडले

वस्तू व सेवा कराच्या दरांत फेरबदल करण्याचा निर्णय परिषदेच्या ५६ व्या बैठकीत ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाला, दरांची अधिसूचना १७ सप्टेंबरला निघाली आणि अंमल २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, सुरू झाला. मधल्या पाच दिवसांत एक शनिवार व एक रविवारही येतो, याची फिकीर अधिसूचना काढणाऱ्यांनी केली नाही; त्यांना बिलाचा फॉर्म दुरुस्त करायचा नव्हता. परंतु ज्यांनी तो फॉर्म घडवला त्यांनाही हे दिवस अपुरे पडले असतील, तर त्याचा सगळा दोष दिल्लीच्या माथी मारता येत नाही.

व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये किंवा ॲक्सेसमध्ये लिहिलेले बिलिंगचे प्रोग्राम लहान पेढ्यांतून अजूनही चालतात. बिलाच्या बारा ओळी, दर ओळीला एकूण दर, केंद्रीय कर व राज्य कर असे तीन टेक्स्टबॉक्स, आणि प्रत्येकाच्या मजकूर, रंग व लॉक या तीन प्रॉपर्टी, म्हणजे त्याचे दिसणे व वागणे ठरवणारे गुणधर्म, सुटेसुटे लिहिलेले. अशा रीतीने लूपच्या चार-पाच ओळींचे काम १०८ ओळींवर पसरते आणि दर बदलला की त्यांतली एखादी हमखास नजरेतून सुटते.

व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये यावर कंट्रोल ॲरे, म्हणजे एकाच नावाच्या व केवळ इंडेक्सने ओळखल्या जाणाऱ्या कंट्रोलांचा गट, ही सोय आहे. एका फॉर्मवर २५४ च नावे मावतात आणि ॲरे त्यांत एकच नाव धरला जातो, हा वरचा लाभ. ॲक्सेसमध्ये ही सोय नसल्याने नावाला क्रमांक जोडून कंट्रोल्स या संग्रहातून टेक्स्टबॉक्स गाठावा लागतो, आणि तिथे ‘टेक्स्ट४७’ सारखी आपोआप पडलेली नावे तशीच ठेवणाऱ्यांचा लूप पहिल्याच फेरीत अडखळतो.

सर्व कंट्रोलांवरून फिरणारा फॉर ईच लूप लिहिणारेही निर्धास्त नसतात. लेबलला लॉक्ड ही प्रॉपर्टीच नसते, त्यामुळे प्रकार न तपासता ती बदलू गेल्यास ४३८ क्रमांकाची त्रुटी येते; ‘हा टेक्स्टबॉक्स आहे आणि लॉक नाही’ असे दोन्ही प्रश्न एकाच इफमध्ये ‘अँड’ने जोडले तरी ती टळत नाही, कारण या भाषेतला अँड पहिले उत्तर नकारार्थी आले तरी दुसरी बाजू तपासतोच. उपाय एका इफच्या पोटात दुसरा इफ लिहिण्याचा आहे. प्रत्यक्षात वरती ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहून त्रुटी गिळून टाकली जाते आणि तिच्याबरोबर खऱ्या चुकाही पोटात जातात. शिवाय प्रकार तपासला तरी ग्राहकाच्या नावाचा टेक्स्टबॉक्स दराच्या टेक्स्टबॉक्साबरोबर लूपमध्ये सापडतो. त्यासाठी टॅग या मोकळ्या प्रॉपर्टीत ‘दर’ अशी खूण ठेवून तीच तपासणे इष्ट. डॉटनेटमध्ये आलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे, की तिथला कंट्रोल्स संग्रह फक्त थेट फॉर्मवरचे कंट्रोल देतो आणि पॅनेलमधले मिळवण्यासाठी रूटीनला स्वतःलाच पुन्हा बोलवावे लागते.

या खेपेची सर्वांत लाजिरवाणी चूक मात्र लूपच्या आत दडलेली आहे. १२, १८ व २८ टक्क्यांचे अर्धे ६, ९ व १४, म्हणून काहींनी अर्धा दर इंटिजर, म्हणजे पूर्णांक, या प्रकारच्या चलात साठवला. १२ टक्क्यांचा दर ५ वर येऊन अर्धे २.५ होताच ही भाषा ते जवळच्या सम अंकाकडे वळवून २ करते, आणि केंद्रीय व राज्य कर मिळून बिलात १ टक्का कर कमी लागतो. फाइंड-रिप्लेसने सगळीकडे १२ चे ५ करणाऱ्यांनी तर जुनी बिलेही बिघडवली, कारण ऑगस्टमध्ये विकलेला माल परत आल्यास क्रेडिट नोट मूळ दरानेच काढावी लागते. दर कोडमध्ये नव्हे, लागू तारखेसह तक्त्यात असावा आणि लूपने तो बिलाच्या तारखेवरून उचलावा.

सभासदांनी आपले दुरुस्त रूटीन, पक्षकाराचे नाव वगळून, पुढील अंकासाठी पाठवावे. ‘टेक्स्ट१’ नावाचा एकही टेक्स्टबॉक्स आढळल्यास ते न वाचता परत केले जाईल.