सायकलचा स्वस्त लाइट घेताय? आधी चार्जर बघा

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त चिनी सायकल लाइटचा उजेड अनेकदा झकास असतो. प्रश्न असतो तो सोबतच्या बॅटरीचा आणि चार्जरचा.

अशा लाइटमध्ये बहुधा '१८६५०' प्रकारचे लिथियम-आयन सेल असतात. १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी, म्हणून हे नाव. नेहमीचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो; दोन सेल सिरीजमध्ये जोडले की ८.४ व्होल्टला. चांगला चार्जर तिथेच थांबतो. स्वस्तातला थांबला नाही आणि बॅटरीत संरक्षक सर्किटही नसलं, तर सेल तापून पेट घेऊ शकतो.

फसवणूक ओळखायची कशी? नामांकित कंपन्यांच्या अशा सेलची क्षमताही साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असते. एका सेलवर ९९०० लिहिलं असेल, तर ती थाप समजावी.

भारतात लिथियम बॅटरी आणि अडॅप्टरसाठी बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. क्रमांकच नसेल, तर तो चार्जर न वापरलेला बरा.

चार्जिंग जागेपणी, पलंग-पडद्यांपासून दूर, फरशीवर करावं. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये.