अनाशीचे झाकण : कोकणातला वल्हांडण

१/ कोकणातील एका जुन्या घराची कल्पना करा. वसंत ऋतू आहे. भिंतींना चुना दिला आहे, तांब्याच्या भांड्यांना कल्हई झाली आहे आणि आंबट रसाचे एक मडके आठ दिवसांसाठी झाकून ठेवले आहे. ते का झाकायचे, याचे उत्तर घरात कोणाकडेच नाही. आजचा थ्रेड या झाकणाविषयी.

२/ हे घर बेने इस्रायलांचे. कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील गावांत तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा मराठीभाषक ज्यू समाज 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाई. हिब्रू ग्रंथपरंपरेशी त्याचा संबंध दीर्घकाळ तुटलेला होता. सण मात्र टिकले, तेही मराठी नावांनी. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या इतिहासात ही नावे नोंदवली आहेत. तो ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. 'अनाशी ढाकाचा सण' हे त्यांतलेच एक नाव. अनाशी म्हणजे ते आंबट रसाचे मडके.

३/ हा सण म्हणजे पेसाह. मराठी बायबलने त्यास 'वल्हांडण' म्हटले. मिसरातील गुलामगिरीच्या शेवटच्या रात्री संहार इस्रायली घरे ओलांडून पुढे गेला, ही त्यामागील कथा. निघण्याची घाई इतकी की पीठ फुगण्यासही अवधी मिळाला नाही. म्हणून या सणात आंबवलेले अन्न वर्ज्य. गहू, जव आदी पाच धान्यांच्या पिठास पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत मात्झा ही बिनखमिराची पोळी भाजावी लागते. आदल्या रात्री दिवा घेऊन घराचा कानाकोपरा शोधतात.

४/ आता हा नियम कोकणात आणून पाहा. इथले मुख्य अन्न तांदूळ, आणि तांदूळ त्या पाच धान्यांत येत नाही. तांदळाच्या भाकरीत खमीर नसते. मग घरात 'आंबलेले' म्हणून उरले काय? माझ्या मते, ते मडके. ग्रंथ हाताशी नसताना नियमाचा गाभा तेवढा एका झाकणात शिल्लक राहिला.

५/ हे शक्य झाले, कारण हा सण मुळात घराचाच. निर्गमाच्या १२व्या अध्यायात आज्ञा कुटुंबांना आहे : घरटी एक कोकरू, आणि त्याचे रक्त दाराच्या चौकटीला. पुढे बळीचा विधी जेरुसलेमच्या मंदिराकडे गेला. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर उद्ध्वस्त केल्यावर सण पुन्हा घरच्या पंगतीत आला. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये त्या रात्रीचा क्रम आहे : द्राक्षारसाचे चार प्याले, कडू भाजी, मात्झा आणि मुलाने विचारलेला प्रश्न. ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?

६/ प्रश्न इतका अनिवार्य की, तालमूद म्हणते, मूल विचारू शकत नसेल तर पत्नीने विचारावे. माणूस एकटा असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे. ज्या सणाचा प्राण 'का?' हा प्रश्न आहे, तोच सण कोकणात उत्तराविना पाळला गेला. मला हे विलक्षण करुण वाटते, आणि तितकेच थोर.

७/ मित्रहो, आपण इतिहासवेडे लोक पहिला प्रश्न विचारतो : शिलालेख आहे का? ताम्रपट? सनद? प्रश्न योग्यच आहे. परंतु तेथेच थांबलो, तर ज्यांच्यापाशी लेखन नव्हते अशा बहुसंख्य माणसांचा, विशेषतः स्त्रियांचा, इतिहास आपण स्वतःच पुसतो. मडके झाकणारा हातही दस्तऐवजच आहे.

८/ मात्र उलट दिशेने वाहून जाऊ नका. झाकलेल्या मडक्यावरून 'दोन हजार वर्षांपूर्वीचे आगमन' सिद्ध होत नाही. केहिमकर स्वतः याच समाजाचे, आणि ते लिहीत होते तेव्हा समाज हिब्रू परंपरेशी पुन्हा जोडला गेला होता. जुन्या रूढीला नव्या ज्ञानाचा अर्थ चिकटलेला असू शकतो. लोकांनी काय जपले, हे रूढी सांगते. केव्हापासून जपले, हे सांगण्यास दुसरा पुरावा लागतो.

९/ उत्तर पुढे छापील रूपात परतले. सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी अनुवादासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत मात्झा करणाऱ्या स्त्रिया लुगड्यात आहेत! मिसरातून सुटकेची कथा मराठीत आली आणि तिच्यासोबत मराठी स्वयंपाकघरही पुस्तकात गेले.

१०/ १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. सिनेगॉगच्या इमारतींची छायाचित्रे आपण काढतो, त्यांना वारसा म्हणतो. पण ज्या स्वयंपाकघरांनी हा सण जगवला, त्यांची नोंद कोण ठेवणार? मुंबई, अलिबाग, पेण, तसेच इस्रायलमध्येही हे सारे पाहिलेले वृद्ध आज आहेत. ही मुदत अमर्याद नाही.

११/ आपल्या घरांतही अशी झाकणे असतात. एखाद्या आजीला विचारा : हे असे का करतात? ती 'ठाऊक नाही, आमच्यात असेच करतात' म्हणाली, तर तेच शब्द गाव आणि तारीख घालून लिहून ठेवा. आपल्या मनाने उत्तर जोडू नका.