हालता घास

घरांत नवें माणूस आलें म्हणजे त्याच्या जेवणाखाण्याच्या संवयी कळेपर्यंत गृहिणीची थोडी तारांबळ उडते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. परंतु गेल्या मृगांत आमच्या घरीं जो पाहुणा आला, त्याच्या आहाराविषयीं अकरा माणसांच्या आमच्या कुटुंबांत जेवढी चर्चा झाली, तेवढी एखाद्या लग्नाची यादी करतांनाहि झाली नसेल. हा पाहुणा म्हणजे एक मासा. आमचा तेरा वर्षांचा नातू सुटींत आजोळीं, रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत गेला होता. पहिल्या पावसांत भातखाचराच्या पाटांत सांपडलेला हा बोटभर जीव त्यानें काचेच्या बरणींतून पुण्यास आणला आणि आपल्या अभ्यासाच्या टेबलाजवळ टाकींत सोडला.

मासा मरळीच्या कुळांतला, पण लहान जातीचा. चन्ना गाचुआ हें त्याचें शास्त्रीय नांव. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेंतील माशांवर १८२२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या जातीचें वर्णन आहे. मोठी मरळ हातभराहून अधिक वाढते, हा मात्र सहसा वीतभराच्या आंतच राहतो. परांच्या कडा नारिंगी, डोकें सापासारखें चपटें, आणि तोंड देहाच्या मानानें फारच मोठें! कल्ल्यांच्या वर श्वासासाठीं एक जादा पोकळी असल्यामुळें हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. त्यामुळेंच एवढ्याशा बरणींत तो पुण्यापर्यंत जगला. या कुळाला संस्कृतांत 'शकुल' म्हणतात, आणि बंगाल्यांचा 'शोल' हा त्याच शब्दाचा वंशज, हें आम्हीं नातवास सांगितलें. तें त्यानें ऐकून घेतलें, एवढेंच. त्याचें सारें लक्ष माशाच्या तोंडाकडे होतें.

तें तोंड भरावयाचें कशानें? आमच्या परसांतल्या हौदांत डासांच्या अळ्या खाण्यासाठीं सोडलेले गप्पी मासे आहेत. रोज दिवेलागणीस नातू त्यांतले दोन पकडून टाकींत टाकी. मासा क्षणभर स्तब्ध राही, मग बाणासारखा सुटे, आणि गप्पी नाहींसा होई. शेजारचीं मुलें हा तमाशा पाहण्यास जमूं लागलीं. एके दिवशीं टाळ्यांचा आवाज ऐकून आमच्या वहिनी माळ हातांत घेऊन तेथें आल्या. त्यांचें वय एक्यायशीं. त्यांनीं सारें पाहिलें आणि म्हणाल्या, "माझ्या घरांत रोज दिवा लावण्याच्या वेळीं हें चालायचें नाहीं."

नातू वादांत आमचाच शिष्य. बलवान् दुर्बळाला गिळतो त्याला 'मात्स्यन्याय' म्हणतात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तो शब्द आहे, हें आम्हींच त्यास शिकविलें होतें. तें शस्त्र त्यानें आमच्यावर उगारलें. आम्हींहि पांडित्याच्या भरांत शतपथ ब्राह्मणांतली मनूची कथा सांगितली : मोठे मासे लहानांस गिळतात म्हणून एक लहानसा मासा मनूला शरण आला, मनूनें त्याला आधीं कुंभांत, मग खड्ड्यांत वाढविलें आणि शेवटीं समुद्रांत सोडलें. वहिनींनीं शांतपणें विचारलें, "भावोजी, मनूनें त्याला वाढविलें खरें, पण त्यासाठीं रोज दुसरे मासे धरून घातले, असें पोथींत कोठें आहे का?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

शोध घेतां असें दिसून आलें कीं, जिवंत माशांचा खुराक शास्त्रदृष्ट्याहि निर्दोष नाहीं. एका माशाबरोबर त्याच्या अंगावरचे परजीवी टाकींत येतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असाच शिरतो. शिवाय गोल्डफिशसारख्या कांहीं माशांच्या शरीरांत ब जीवनसत्त्वाचा पहिला प्रकार नष्ट करणारें एक द्रव्य असतें. १९३२ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथें कातड्यासाठीं पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे मासे खाऊन अर्धांगासारखा रोग जडला, त्याचें कारण पुढें हेंच ठरलें. गोठविल्यानें परजीवी पुष्कळसे मरतात, हें द्रव्य मात्र मरत नाहीं; म्हणून एकाच प्रकारचें खाद्य सदासर्वदा देऊं नये. शोभेच्या माशांच्या दुकानांत गोठविलेल्या ब्लडवर्म अळ्यांच्या व आर्टेमियाच्या वड्या मिळतात. कोळंबी बाजारांत मिळतेच.

पण ती ठेवावयाची कोठें? नैवेद्याच्या दुधाशेजारीं? येथें धाकट्या सूनबाईंनीं मार्ग काढला. माडीवर पडून असलेला जुना लहान फ्रीज मागल्या पडवींत गेला, सुरी-बशी निराळी झाली, आणि आंघोळीपूर्वींच तें कपाट उघडावयाचें असा नियम ठरला. घरांतला प्रश्न सुटला. उरला फक्त मासा.

माशानें कोळंबीकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. तुकडा तळाशीं गेला, शेजारून मासा गेला, दोघांचा कांहीं संबंध नसावा तसा. तिसऱ्या दिवशीं त्यानें एक तुकडा तोंडांत घेतला आणि थुंकून दिला. न खाल्लेलें अन्न कुजून पाणी गढुळलें, तेव्हां अर्ध्या तासांत उरलेलें काढावें व चवथा हिस्सा पाणी बदलावें हा धडा मिळाला. आम्ही नातवास म्हणालों, "हट्टी आहे. भूक लागली म्हणजे झक्कत खाईल." सहाव्या दिवशीं माशाचें पोट आंत गेलेलें दिसूं लागलें, आणि त्या रात्रीं नातू पानावरून न जेवतां उठला.

वहिनींनीं तें पाहिलें. जिवंत मासा टाकूं नका म्हणणाऱ्याहि त्याच; आम्हांस वाटलें, आतां त्या आपला शब्द मागें घेतील. पण त्या टाकीसमोर पाट घेऊन बसल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हा हट्टी नाहीं रे. याला तें अन्न आहे हेंच ठाऊक नाहीं. मूल जेवत नसलें म्हणजे ताट पुढें आपटून काय होतें? चिऊचा घास, काऊचा घास करून हात हालवावा लागतो."

पुढें वाचलें तेव्हां त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. शिकारी मासा अन्न ओळखतो तें मुख्यतः हालचालीवरून. डोळे ती टिपतात, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या संवेदनरेषेला पाण्याचें थरथरणें जाणवतें. जें हालत नाहीं तें त्याच्या लेखीं दगडच.

मग उपाय पायरीपायरीनें झाला. सातव्या दिवशीं, शक्ति टिकावी म्हणून, बागेंतलें एक लहान गांडूळ स्वच्छ धुऊन दिलें. वहिनींनीं तेव्हां तोंड फिरविलें, पण नको म्हटलें नाहीं. दोन दिवसांनीं मेलेल्या गांडुळाचा तुकडा बोथट टोकाच्या बारीक बांबूच्या काडीस हलका अडकवून पाण्यांत थरथरविला. मासा वळला, थांबला, आणि झेपावला! नातवानें आरडाओरड न करतां श्वास रोखून धरला, हें आम्हीं मुद्दाम पाहिलें. नंतर त्याच काडीस गांडुळाचा वास लागलेली कोळंबी, मग नुसती कोळंबी. पुढें तुकडा काडीवरून सोडून तो खालीं जातांना पकडावयाची संवय. आणि एकोणिसाव्या दिवशीं काडीवांचून. आतां काडी पाण्याजवळ नेली कीं मासा वर येतो.

ज्यांच्या घरीं असा पाहुणा असेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगून ठेवतों. गोठविलेली वडी तशीच टाकूं नये. वाटींतल्या पाण्यांत पूर्ण सुटूं द्यावी व तें पाणी फेकून द्यावें. तुकडा माशाच्या डोळ्यापेक्षां थोडाच मोठा असावा. वेळ एकच ठेवावी, शक्यतों दिवेलागणीची, कारण या जातीची शिकार तेव्हां रंगांत येते. धडधाकट मोठ्या माशाला आठवडाभराचा उपवास सोसतो, पिलाला सोसत नाहीं. डोक्यामागचा भाग बसूं लागला कीं परीक्षा थांबवून त्याला ओळखीचें अन्न द्यावें आणि चार दिवसांनीं पुन्हां आरंभ करावा. टाकीवर झांकण हवें, कारण हा मासा उडी मारतो. मात्र झांकणाखालीं हवा घेण्यास जागा ठेवावी.

आतां आमच्याविषयीं दोन शब्द. आम्हीं चौतीस वर्षें संस्कृत शिकविलें. रूपें पाठ करून आणीत नसे असा एक मुलगा आमच्या वर्गांत होता. त्याला आम्हीं बाकावर उभा केला, मधल्या सुटींत कोंडला, आणि शिक्षकांच्या खोलींत म्हणालों, "हट्टी आहे, गरज पडली म्हणजे करील." दिवाळीनंतर तो शाळेंत आलाच नाहीं. त्याच्यापुढें शब्द कधीं हालता करून दाखविला होता का, हा प्रश्न त्या वेळीं आम्हांस सुचला नाहीं. तो सुचण्यास एक मासा आणि वहिनींचा पाट लागला.

एके सायंकाळीं आम्हीं वहिनींना विचारलें, "कोळंबीहि एकदां जिवंत होतीच. मग तुमचें समाधान कसें झालें?" त्या म्हणाल्या, "तिचा हिशेब देवाकडे आहे, भावोजी, तो मला कळत नाहीं. पण जीव जातांना आपल्या पोरानें टाळ्या वाजवाव्या, एवढें मला नको होतें."

या जातीचा नर अंडीं आणि पिलें आपल्या तोंडांत सांभाळतो आणि त्या दिवसांत खाणें जवळजवळ टाकतो, असें नातवानें परवां वहिनींना वाचून दाखविलें. त्यांनीं माळ थांबविली, टाकींतल्या त्या अवाढव्य तोंडाकडे पाहिलें, आणि विचारलें, "आज याला वाढलें का रे?"