सायलेन्सर घ्यायचा तो कानासाठी

मुक्काम मुन्शी घाट, वाराणसी.

पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. त्याचा भाचा न्यूझीलंडला स्थायिक आहे आणि तिथे हरणांची शिकार कायदेशीर आहे. भाच्याचा प्रश्न असा, की रायफलला कोणता सायलेन्सर घ्यावा? मामांनी तो माझ्याकडे पाठवला.

आधी आपल्या इकडचं सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. पीक उद्ध्वस्त करणारं रानडुक्कर मारायचं तरी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा आवाज कमी करणारं उपकरण तर शस्त्र कायद्याखाली निषिद्ध आहे. तेव्हा हे वाचून गावाकडे कुणी काही मागवू नये.

आता भाच्याचं. सिनेमातला 'फुस्स' आवाज डोक्यातून काढून टाक. हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून 'सायलेन्सर' हे नाव चिकटलं. शिकारी त्याला 'मॉडरेटर' म्हणतात, तेच खरं. तो बॅरलमधून सुटणारा गॅस आवरतो. गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास जाते, आवाज साधारण ३४० मीटर. त्यामुळे गोळीचा स्वतःचा तडाखा उरतोच.

आकडे बघ. .३०८ रायफलचा धमाका साधारण १६५ डेसिबलच्या घरात असतो. १४० च्या वर एकाच फायरने कान कायमचा जाऊ शकतो. चांगला मॉडरेटर २५ ते ३० डेसिबल कमी करतो, म्हणजे तुला जेमतेम काठावर आणून सोडतो. म्हणून मॉडरेटर लावूनही कानात प्लग हवेतच.

निवडताना नेमबाजाच्या कानाजवळ मोजलेला आकडा विचार. बॅरलच्या तोंडाशी मोजलेला वेगळा असतो. कॅलिबर आणि आटे जुळलेच पाहिजेत. आटे वाकडे असले तर गोळी आतल्या पडद्यांना घासते, म्हणून ते काम जाणत्या गनस्मिथकडूनच करून घे. झाडीत फिरणार असशील तर बॅरलवर मागे सरकून बसणारा घे, लांबी कमी वाढते. बसवल्यावर रायफल पुन्हा झिरो कर, मार सरकतो. घरी आल्यावर काढून वाळव. आतल्या ओलीने बॅरलचं तोंड गंजतं.

किमतीत दोन पैसे कमी-जास्त झाले तरी चालतील, कानाच्या बाबतीत काटकसर नको. हे मी इथे बसून का सांगतो? हा घाट नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ मध्ये बांधला. अहिल्याबाई घाट शेजारी, त्यापलीकडे दशाश्वमेध. संध्याकाळी आरतीचे शंख मला ऐकू येतात, घंटांची बारीक किणकिण मात्र डाव्या कानाला लागत नाही. उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याचा डावा कान बॅरलच्या तोंडाकडे असतो. रेंजवर वर्षानुवर्षं काढलेल्या अनेकांची हीच गत आहे. नातवंडं बोलतात आणि आजोबा नुसती मान हलवतात.

'जवानाला कानात बोळा कशाला?' असं म्हणणारे आपल्यात अजून आहेत. त्यांचं ऐकू नका. गेलेला कान कुठलंही मेडल परत देत नाही. मामा, भाच्याला मॉडरेटर जरूर घ्यायला सांगा, आणि प्लगची डबी त्याआधी.

जय हिंद.