कथेतले गाव आणि आमचा पाडा

मराठीच्या तासाला ग्रामीण कादंबरी सुरू झाली की माझे मन आमच्या पाड्यावर जाते. कादंबरीतल्या गावात पाटील असतो, बलुतेदार असतात, गावकुसाबाहेर एक वस्ती असते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना गावकूसच नाही. म्हणून आमच्याकडे उच्चनीचता नाही, असे समजायचे का?

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांची वाडी बाहेरून आलेल्या मास्तरच्या नजरेने दिसते. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर आले, १९७७ च्या चित्रपटाने ते घरोघर पोचले. दोन्ही कलाकृती मला प्रिय आहेत. पण आदिवासी म्हणजे ढोल, नाच आणि भोळेपणा असा एक साचा पुढे होऊन बसला. त्यात आमचा माणूस मावत नाही.

आम्हा वारल्यांचे लग्न धवलेरी लावते. ही एक बाई असते. ती गाणी म्हणत विधी करते. भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात त्याही सवाशिणीच. पैशाअभावी लग्न राहून गेले आणि मुले झाल्यावर लागले, अशी जोडपी आमच्यात आहेत. त्यांना कोणी नावे ठेवत नाही. हे कथेत यायला हवे.

पण दुसरेही यायला हवे. लहानपणी आमच्या अंगणात एक कातकरी म्हातारी येई. तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. भांडे हाती देत नसत. आजीला कारण विचारले, तर ‘रीत आहे’ एवढेच उत्तर मिळाले. सरकारी दाखल्यावर वारली आणि कातकरी दोघेही अनुसूचित जमातीचे. अंगणात मात्र एक ओटीवर, दुसरा खाली!

गेल्या वर्षी मी पाड्यावर कथा लिहिली. तीत तारपा होता, बोहाडा होता, धवलेरी होती. म्हातारी नव्हती. आपल्या लोकांची बदनामी कशाला, असे वाटले. शहरी लेखकांनी आमचे अर्धेच चित्र काढले, अशी तक्रार करणारा मी, मीही अर्धेच काढले. दिवाळीनंतर उचल घेऊन कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, त्यांची झोपडी ओस पडते. माझ्या कथेतही त्यांची जागा तशीच ओस होती.

मित्रहो, परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु ज्या रीतीची लाज वाटते ती लपवून लिहिलेले साहित्य आपल्या कोणत्या कामाचे? ती कथा मी पुन्हा लिहायला घेतली आहे. या वेळी सुरुवात त्या अंगणापासून केली आहे.