न मोजलेले तास

पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही बाईला विचारा, 'कंपनीची गाडी' म्हणजे काय, ती लगेच सांगेल. पहाटेच्या अंधारात कोपऱ्यावर येणारी ती व्हॅन, भोसरी-मोशी करत चाकणला जाणारी. शिफ्ट आठ तासांची. पण नाशिक रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की जाण्या-येण्यात आणखी दोन-अडीच तास सहज जातात. हे तास ना हजेरीत, ना पगारात!

बायका कारखान्यात दिसू लागल्या, याचं कौतुक आहेच. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' असं छापलेलं पाहून सुधा मूर्तींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि नोकरी मिळवली. अलीकडे त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात बायकांची स्वतंत्र असेंब्ली लाइन उभी राहिली. कायदाही बदलला. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांसाठी सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी वेळ ठरलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्रपाळीला परवानगी आहे.

पण मैत्रिणींनो, सुरक्षा काय फक्त कंपनीच्या गेटच्या आत असते? ती घराच्या कोपऱ्यावरून सुरू होते. आणि तिथलं पाहायला कोण येतं?

म्हणून आम्ही एक साधा उद्योग सुरू केला. दर सोमवारी, त्याच जागी, त्याच वेळी, फक्त एक फोटो. थांब्यावरचा मी काढते, व्हॅनमधला माझी भाची. मोबाइलवर पन्नास काढता येतात हो, पण एकच काढायचा म्हटलं की माणूस नीट बघायला लागतो. मागे तारीख आणि वेळ लिहायची. तीन महिन्यांचे फोटो शेजारी शेजारी मांडले तेव्हा कळलं, थांब्यावरचा दिवा एकदाही लागलेला नाही. तिघींच्या सीटवर चौघी बसलेल्या. सातव्या महिन्यातली मुलगी मागच्या, सगळ्यात जास्त धक्के बसणाऱ्या सीटवर. एकेक फोटो साधाच, पण सगळे मिळून पुरावा होतो.

पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत कष्टकरी बायकांचे असेच फोटो काढले. काम दिसतं पण करणारी दिसत नाही, हेच त्यांना सांगायचं होतं. ते प्रदर्शन एस.टी. स्टँडवर आणि कारखान्यांतही लागलं होतं.

तुमच्या गावातही शिफ्टची गाडी येत असेलच. करून बघा. फक्त फोटोतल्या बाईला आधी विचारा, आणि चेहरा नको म्हणाली तर डबा धरलेले हात काढा. मग चार-पाच जणी मिळून ते फोटो वॉर्डातल्या नगरसेवकाला आणि कंपनीच्या साहेबांना दाखवा. दिवा लावा, एक सीट वाढवा, एवढं मागणं काही फार नाही.